स्टील घाला, पण स्प्रिंगसकट

‘कंपनीने टायटॅनियमचे व्हॉल्व्ह दिलेत, मग स्टील घालून गाडी कशाला बिघडवायची?’ डर्ट बाइकचं हेड उघडलं की हा प्रश्न हमखास येतो.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. टायटॅनियमची घनता साधारण ४.५, स्टीलची ८च्या जवळ; म्हणजे त्याच मापाचा व्हॉल्व्ह चाळीस टक्क्यांनी हलका. आरपीएम दुप्पट झाले की व्हॉल्व्ह आवरायला लागणारा जोर चौपट होतो. तेरा हजारांपर्यंत फिरणाऱ्या २५० सीसी इंजिनात हा हलकेपणा फार मोलाचा. मोटोक्रॉस स्पर्धकाने टायटॅनियमच वापरावं.

पण तो तास मोजून हेड उघडतो. रविवारी डोंगरातली धूळ उडवणारे आपण उघडतो का? टायटॅनियमच्या तोंडावर कठीण लेप असतो, तोही जेमतेम काही मायक्रॉनचा. फिल्टरमधून निसटलेली धूळ तो खाऊन टाकते आणि मग व्हॉल्व्ह भराभर सीटमध्ये रुतत जातो. २००४च्या होंडा सीआरएफ२५०आरचं उदाहरण घ्या. थंड इंजिनात इन्टेक व्हॉल्व्हच्या वरची फट ०.१२ मिमीच्या आसपास हवी; व्हॉल्व्ह रुतला की ती बुजते. फिलर गेजची पाती आत शिरेना, किका मारून पाय भरून आला तरी गाडी चालू होईना, की व्हॉल्व्ह रुतला असं समजावं. अशा वेळी पातळ शिम (फट जुळवणारी चकती) घालून वेळ मारून नेतात. लेप गेलेला असेल तर ती फट काही तासांत पुन्हा बुजते. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासावा, तर उरलासुरला लेपही जातो. स्टीलचा व्हॉल्व्ह मात्र घासून पुन्हा बसवता येतो.

आणि कंपनीचाच दाखला द्यायचा, तर त्याच होंडाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कंपनीनेच स्टीलचे दिलेत!

‘स्टीलने ताकद जाते’ हेही अर्धसत्य. ट्रेलवर बहुतेक वेळ इंजिन मधल्याच आरपीएमवर असतं. तिथे फरक जाणवत नाही. गाडी बिघडते ती जुन्या स्प्रिंगवर जड व्हॉल्व्ह चढवल्याने. वरच्या आरपीएमला स्प्रिंग त्याला वेळेत मागे खेचू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगतो आणि पिस्टनवर आदळला तर इंजिनच जातं. दोनचार पैसे वाचवायला अशी जोडणी करणाऱ्या मिस्त्रीला सरळ नाही म्हणा.

स्पर्धेत उतरत नसाल तर इन्टेकला स्टील घाला, त्याला जुळणाऱ्या कडक स्प्रिंगांसह. सीट नव्याने कापून घ्या. आणि धूळ स्टीललाही सोडत नाही, तेव्हा पुढच्या राइडआधी एअर फिल्टर धुऊन, तेल लावूनच बसवा.