बटणांची रंगरंगोटी आणि टेरी विनोग्राड

परवा लंचला टीममधली एक ज्युनियर म्हणाली, तिला ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनमध्ये मास्टर्स करायचंय. टेबलावर जो काही हशा पिकला, विचारू नका. "एआयच्या जमान्यात तू बटणं रंगवणार?" "अल्गोरिदम झेपत नाहीत तो यूआयकडे वळतो गं." आणि वर षटकार, "आता सगळं चॅटमध्येच होणार, इंटरफेस राहतोच कुठे?" मी तेव्हा गप्प बसलो (डब्यात भरली वांगी होती), पण डोकं तापलं ते तापलंच.

तर मंडळी, टेरी विनोग्राड हे नाव ऐकलंय? १९७० मध्ये एमआयटीतून पीएचडी. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव शर्डलू. स्क्रीनवर एक टेबल, त्यावर रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि एक डबा. तुम्ही साध्या इंग्रजीत सांगायचं, प्रोग्रॅम ठोकळे हलवणार. असं का केलंस विचारलं, तर कारणही देणार. समोर तीन पिरॅमिड असताना नुसतं "पिरॅमिड उचल" म्हटलं, तर कुठला ते कळलं नाही असं सरळ कबूल करणार. त्या काळात एआयचं यापेक्षा गाजलेलं उदाहरण शोधावं लागेल. म्हणजे अल्गोरिदम न झेपणारा माणूस हा नव्हे.

आणि हाच पठ्ठ्या पुढे एआयकडे पाठ फिरवतो. १९७३ पासून तो स्टॅनफर्डला होता. ठोकळ्यांच्या जगात चालणारी युक्ती खऱ्या जगात ताणता येत नाही, हे त्याला दिसत गेलं. तिथे त्याची गाठ फर्नांडो फ्लोरेसशी पडली. हा चिलीत अयेंदे सरकारचा अर्थमंत्री होता, १९७३ च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात राहून आलेला. दोघांनी मिळून १९८६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा रोख माझ्या शब्दांत असा: कॉम्प्युटरला "समजतं" का, यावर डोकं फोडण्यापेक्षा माणसं काम कसं करतात आणि ते कुठे अडतं ते बघा, आणि त्यासाठी यंत्रं बनवा. पुढची कारकीर्द त्याने इंटरॅक्शन आणि डिझाइन शिकवण्यात घालवली. याच माणसाकडे लॅरी पेज पीएचडी करत होता. पेजरँकच्या मूळ रिपोर्टवर पेज, ब्रिन आणि मोटवानींसोबत चौथं नाव विनोग्राडचं आहे. बटणं रंगवणारा, नाही का? :-)

त्याचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. फ्लोरेससोबत केलेलं "कोऑर्डिनेटर" हे सॉफ्टवेअर प्रत्येक मेलला विनंती, वचन अशी लेबलं लावायला लावायचं. लोक वैतागले, आणि ल्यूसी सचमनने त्यावर सडकून टीका केली. आपल्या तिकीट सिस्टीममध्ये सकाळ घालवणाऱ्याला ती टीका लगेच पटेल. भाषेचंही तसंच. "कमिटी मेंबरांनी भाडेकरूंना गच्ची दिली नाही, कारण त्यांना गोंगाटाची भीती होती." आता 'भीती होती'च्या जागी 'गोंगाट करायचा होता' टाका, "त्यांना" म्हणजे कोण ते बदलतं. अशा वाक्यांच्या कोड्याला विनोग्राडचंच नाव आहे. वर्षानुवर्षं मशीनला ही कोडी सुटत नव्हती, आज मॉडेल्स ती सहज सोडवतात. हा मुद्दा विरोधकांना देऊन टाकला.

पण म्हणून इंटरफेस संपला? चॅटची खिडकी हाही इंटरफेसच आहे राव, आणि बऱ्याच बाबतीत मागे नेणारा. यात काय काय करता येतं ते समोर दिसत नाही, जुन्या कमांड लाइनसारखंच. प्रॉम्प्ट कसा लिहावा याचे कोर्स लोक पैसे भरून करतायत, याचा अर्थ दरवाजा कुठे आहे तेच कळत नाहीये. आणि शर्डलू जिथे "कळलं नाही" म्हणायचा, तिथे आजचं मॉडेल अनेकदा ठोकून देतं. न कळल्याचं कधी आणि कसं सांगायचं, ते ऐकून माणसाने काय करायचं, हे कोण ठरवणार? मॉडेलचे पॅरामीटर वाढवून याचं उत्तर आपोआप मिळणार नाही.

आमच्याच एका प्रॉडक्टचं सांगतो. चाळीस रकान्यांचा फॉर्म, मध्ये सेशन संपलं की सगळं गायब. क्लायंटच्या शाखेत गेलो तर तिथल्या एक क्लार्क बाई आधी वहीत सगळं लिहून घेत होत्या, मग भराभर टाइप करत होत्या. मला म्हणाल्या, "तुमचं मशीन घाई करतं हो, म्हणून वही ठेवलीये." आमच्या लेखी बग शून्य, टेस्ट सगळ्या हिरव्या. वर्षभर कुणाला पत्ता नाही, कारण वही लॉगमध्ये दिसत नाही. ती वही शोधून काढणं हे काम कमी अकलेचं, असं लंच टेबलावरच्या ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस त्या बाईंशेजारी बसून दाखवावं. लंच माझ्याकडून.

ज्युनियरला ते १९८६ चं पुस्तक दिलंय. पहिली वीस पानं रटाळ आहेत म्हणाली. खरंय तिचं.