खडखड नेमकी केव्हा होते?

घरातल्या यंत्रांचे आवाज ओळखण्यात आपल्या गृहिणींचा हात धरणारा कोणी नाही. कुकरची शिट्टी आज जरा दमाने का वाजली, शिवणयंत्राचा पट्टा कधी सैल झाला, पंख्याची टकटक कालच्यापेक्षा वाढली की काय, हे त्या दुसऱ्या खोलीतून सांगतात. परंतु अंगणात उभी असलेली मोटारसायकल मात्र पुरुषमंडळींच्या ताब्यात असते आणि तिच्या आवाजाविषयी त्यांची मते दोनच असतात. "काही नाही, गाडी जुनी झाली की वाजायचीच," हे एक. आणि "आता इंजिनच काढावे लागणार," हे दुसरे. पहिल्या मताने माणूस गाफील राहतो, दुसऱ्याने खिसा रिकामा होतो. खरी गोष्ट बहुधा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते, आणि तिचा शोध घेण्यासाठी मेकॅनिकची पदवी लागत नाही. कान आणि थोडा धीर पुरतो.

आजचा आपला विषय आहे इंजिनातल्या एका लहानशा सुट्या भागाचा. त्याला गॅरेजमध्ये 'टेन्शनर' म्हणतात. हल्ली लहान मुलापासून आजोबांपर्यंत प्रत्येकालाच टेन्शन असते, पण या बिचाऱ्याची नेमणूकच त्यासाठी झालेली आहे. त्याने टेन्शन घेणे सोडले, की ते मालकाला घ्यावे लागते!

उदाहरणासाठी आपण वऱ्हाडातले एक गुरुजी घेऊ. गुरुजी काल्पनिक आहेत, गाव मात्र खरे आहे. अमरावतीपासून सुमारे १६ किलोमीटरांवर भातकुली हे तालुक्याचे गाव आहे. जैनांचे हे तीर्थक्षेत्र. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले भोजकट ते हेच, असेही सांगतात. हा सारा प्रदेश पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते खारे. जमीन मात्र काळी आणि कसदार. आपले गुरुजी अमरावतीस राहतात आणि भातकुलीच्या शाळेत शिकवतात. जाऊन-येऊन दिवसाला ३२ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ८०० किलोमीटर. म्हणजे वर्षाकाठी नऊ-साडेनऊ हजार किलोमीटर त्यांची मोटारसायकल धावते. दिवाळीची सुट्टी संपली, वऱ्हाडातली थंडी पडू लागली, आणि एके सकाळी गाडी सुरू करताच इंजिनातून खडखड ऐकू आली. पत्र्याच्या डब्यात साखळी टाकून हलवावी तशी! आता गुरुजींनी काय करावे?

प्रथम हा आवाज येतो कोठून ते पाहू. इंजिनात पिस्टन खालीवर होतो आणि क्रँक फिरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पेट्रोल-हवेचे मिश्रण आत यावे आणि जळालेला धूर बाहेर जावा म्हणून वर, हेडमध्ये, दोन झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्या उघडमीट करण्याचे काम कॅम नावाचा दांडा करतो. क्रँक तळाशी आणि कॅम डोक्यावर. या दोघांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायचा, हा करार या चेनने पाळायचा असतो. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर भातकुलीच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात क्रँकचे एक लाख वीस हजार आणि कॅमचे साठ हजार फेरे होतात. तेही एका बाजूच्या प्रवासात! चेनचा प्रत्येक सांधा या सर्व काळ वाकत आणि सरळ होत असतो. तेव्हा सांधे झिजतात आणि चेन किंचित लांब होते. आपण ती 'ताणली' असे म्हणतो. वास्तविक लोखंड ताणलेले नसते, पिना आणि बुश झिजलेले असतात.

शिवणयंत्राचा चामडी पट्टा सैल झाला की आपण तो थोडा कापून पुन्हा आकड्यात अडकवतो. इंजिनातली चेन अशी रोज कापता येत नाही. म्हणून तिच्या सैल बाजूला एक रबर किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असलेली पट्टी, अथवा एखाद्या इंजिनात रबरी रोलर, टेकवून ठेवतात आणि तिला मागून दाबून धरतो तो टेन्शनर. काहींत स्प्रिंग आणि दाते असतात: चेन जसजशी सैल होईल तसतसा खुंटा एकेक दाता पुढे सरकतो आणि मागे फिरत नाही. काहींत ऑइलच्या दाबाची मदत घेतलेली असते. स्प्रिंग थकली, दाते झिजले किंवा पट्टीचे अस्तर खाल्ले गेले, की चेन आपल्या पोकळीत फडफडू लागते आणि भिंतीवर आपटते. गुरुजींनी ऐकली ती खडखड हीच असू शकेल. परंतु 'असू शकेल' आणि 'आहे' यांत अंतर असते, आणि पैसे जातात ते याच अंतरात.

येथे घरातली वडीलधारी मंडळी बहुधा आपले निदान सांगतात, "टॅपेट वाजतात, दुसरे काही नाही." त्यांचाही दोष नाही. त्यांचे कान जुनी बुलेट, राजदूत आणि येझदी यांवर तयार झालेले. राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक, त्यांना झडपाही नाहीत आणि कॅमही नाही; जुन्या बुलेटला कॅम होता, पण तो खाली, दातेरी चाकांनी फिरणारा. टायमिंग चेन यांपैकी कोणालाच नव्हती. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर, २००१ मध्ये बजाजची पल्सर. आणि डोक्यावर कॅम व पोटात चेन असलेली फोर-स्ट्रोक इंजिने घरोघर पोचली. त्या सीडी १०० ची जाहिरात अनेकांना आठवत असेल: टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची. विसरायचे होते ते पेट्रोल; आपण इंजिनातले ऑइलही विसरून गेलो!

तेव्हा गुरुजींनी पहिली गोष्ट करावी ती ही, की गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइलची पातळी पाहावी. ऑइल कमी असेल किंवा जळून काळे-पातळ झालेले असेल, तर चांगला टेन्शनरही खडखडतो. ऑइल बदलून आवाज गेला तर देवाचे आभार मानावेत आणि पुढचे ऑइल वेळेवर बदलावे.

ऑइल ठीक असूनही आवाज राहिला, तर मग मिस्त्रीकडे जावे. मिस्त्री जाणता असेल तर तो लगेच पाना हाती घेणार नाही. तो आपल्या वऱ्हाडी बोलीत विचारील, "गुरुजी, आवाज कायचा हाय थे मी पायतो, थो कवा येते येवढं तुमी सांगा." सारे निदान या 'कवा'मध्ये आहे. आवाज किती मोठा, यापेक्षा तो केव्हा होतो हे महत्त्वाचे.

टायमिंग चेनची खडखड गाडी न्यूट्रलवर मंद चालत असताना स्पष्ट येते. एकाच सिलिंडरचे इंजिन मंद गतीत झटक्याझटक्याने फिरते, त्यामुळे सैल चेन मागेपुढे उसळते. थोडी रेस दिली की फिरणे एकसारखे होते आणि आवाज दबतो. मग रेस एकदम सोडावी. इंजिन खाली येताना क्षणभर 'खर्रर्र' झाले, तर संशय बळकट होतो. सकाळी थंड गाडीवर पहिले काही सेकंद खडखड होऊन ती थांबत असेल, तर ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर रात्रभरात रिकामा झालेला असतो. तेवढ्याने घाबरू नये. पण ते सेकंद आठवड्यागणिक वाढत चालले, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

आता त्याचे भाऊबंद पाहू. टॅपेटचा आवाज नियमित असतो, टिक-टिक-टिक, घड्याळासारखा. गती वाढली की टिकटिक भरभर होते, पण नाहीशी होत नाही. टॅपेटमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ती थंड इंजिनावर मोजून बसवली की काम झाले. क्लच दाबताच आवाज बदलला, तर दोष क्लचच्या बाजूला शोधावा. गाडी उभी असताना शांत आणि रस्त्यावर धावताना खडखड, तर ती बहुधा मागच्या चाकाची बाहेरची चेन. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खाऊन ती लवकर झिजते. आतल्या टायमिंग चेनला हा चिखल लागत नाही, तिचा जीव ऑइलवर. आणि चढावर, ओझे घेऊन, आतून खोल 'ठक-ठक' ठोके येत असतील, तर ते क्रँकच्या बेअरिंगचे लक्षण असू शकते. मग गाडी तेथेच थांबवावी आणि ढकलत न्यावी.

जागा ठरवण्यासाठी मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवतात आणि मुठीला कान लावतात. डॉक्टरांच्या नळीसारखाच हा प्रकार. टोक हेडवर, मग चेन ज्या बाजूने वर जाते त्या बाजूला, मग खाली क्रँकपाशी ठेवून कोठे सर्वांत स्पष्ट ऐकू येते ते पाहावे. हे उघड्या जागी करावे, बंद खोलीत इंजिन चालवू नये. ओढणी, पदर आणि मोकळे केस फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत, सायलेन्सरला हात लागू देऊ नये.

"वाजेना का, चालते आहे ना!" असे म्हणणाऱ्यांसाठी पुढचे. सैल चेन आधी आपल्या पोकळीची अ‍ॅल्युमिनियमची भिंत घासते आणि तो चुरा ऑइलमध्ये मिसळतो. नंतर एखादे दिवशी ती दातेरी चाकावरून एखादा दाता उडी मारते. सायकलची सैल चेन उतरली तर हात काळे होतात, एवढेच. इंजिनात मात्र दोन फेऱ्यांस एक हा करार मोडतो, झडपा भलत्या वेळी उघड्या राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांवर आदळू शकतो. मग झडपा वाकतात, हेड उतरवावे लागते, आणि गुरुजी भातकुलीच्या रस्त्यावर मध्येच उभे राहतात. वर्ग वाट पाहत बसतो. जे काम काही शे रुपयांच्या टेन्शनरने झाले असते, त्याला मग हजारांनी मोजावे लागते.

दुरुस्ती करताना दोन गोष्टी मिस्त्रीला विचाराव्यात. काढलेल्या टेन्शनरचा खुंटा किती बाहेर आला होता? जवळजवळ पूर्ण आला असेल तर चेनच झिजली आहे. नुसता नवा टेन्शनर घालून आवाज थोडेच दिवस थांबेल. चेन, पट्ट्या आणि दातेरी चाके तपासून घ्यावीत. दुसरे, टेन्शनर काढलेला असताना किक किंवा सेल्फ कोणी मारू नये. चेन तेवढ्यातही दाता सोडू शकते. आणि मागे वायसर भरून खुंटा जबरीने दाबून बसवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर नम्रपणे नको म्हणावे. अति ताणलेली चेन पट्टीला खाते आणि स्वतःही झिजते.

शेवटी दिवाळीच्या दिवसांतली एक सावधगिरी. पाडव्याला नव्या गाड्या घरी येतात आणि जुन्या विकावयास निघतात. खडखडणाऱ्या इंजिनात गरजेपेक्षा जाड ऑइल भरले की आवाज काही काळ दबतो. तेव्हा जुनी गाडी पाहावयास सकाळी जावे, सुरू करण्यापूर्वी इंजिनाला हात लावून ते थंडगार आहे ना हे पाहावे, आणि गाडी आपल्यासमोरच सुरू करावयास सांगावी. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असेल, तर चहा घेऊन निघावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, हळदीकुंकू वाहतो. त्याच हाताने ऑइलची पातळी पाहिली आणि मिनिटभर रेडिओ बंद करून इंजिनाचे ऐकले, तर ती पूजा वर्षभर पुरेल.