लूर्दच्या यात्रेंत पहिला मान कोणाचा?

लूर्दहून परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण आम्हांस एकच प्रश्न करितो: "तेथें चमत्कार पाहिलात काय?" याचें सरळ उत्तर 'नाहीं' असें आहे. आमच्या डोळ्यांदेखत कोणी पांगळा उठून चालूं लागला नाहीं, कीं कोणा आंधळ्यास दृष्टि आली नाहीं. तथापि जें पाहिलें त्यानें एक विचार आमच्या मनांत पक्का ठसला, आणि तो या अंकाच्या वाचकांपुढें, विशेषतः पालकवर्गापुढें, मांडावा असें वाटतें. आमच्या कांहीं स्नेह्यांस तो रुचणार नाहीं, हेंही ठाऊक आहे.

लूर्द हें फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं, गाव्ह नदीच्या कांठीं वसलेलें लहानसें गांव. ११ फेब्रुवारी १८५८ रोजीं बर्नादेत सुबिरू नांवाची चौदा वर्षांची मुलगी सरपण गोळा करावयास नदीकांठीं गेली असतां, तेथील खडकाच्या कपारींत तिला एका तेजस्वी स्त्रीचें दर्शन झालें. १६ जुलैपर्यंत असें दर्शन तिला अठरा वेळां घडलें. ती पवित्र मारियाच होय, असा निर्णय तेथील बिशपांनीं चौकशीअंतीं १८६२ सालीं दिला. बर्नादेतचे वडील पिठाच्या गिरणीचा धंदा बुडालेले. राहावयास घर नाहीं म्हणून सारें कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या खोलींत दिवस काढीत होतें. मुलीस दमा, लिहितां-वाचतां येत नव्हतें, फ्रेंचही धड येत नसे, गांवची बोली तेवढी येई. त्या स्त्रीनें आपलें नांव सांगितलें तें त्याच बोलींत, आणि तेथील मूर्तीच्या पायाशीं तीं अक्षरें तशींच कोरलेलीं आहेत. ज्या मुलांस आपल्या घरच्या बोलीची शाळेंत लाज वाटते, त्यांच्यासाठीं हें मुद्दाम लिहिलें.

२५ फेब्रुवारीस बर्नादेतनें कपारींतली माती हातानें उकरली आणि तेथें झरा लागला. त्याच वर्षीं तुलूझ येथील एका रसायनशास्त्रज्ञानें तें पाणी तपासलें, तेव्हां तें साधें पिण्याचें पाणी असून त्यांत कांहीं विशेष औषधी द्रव्य नाहीं असें आढळलें. कोणी बरा झाल्याचें सांगूं लागला तर त्याची परीक्षा करण्यासाठीं १८८३ पासून तेथें डॉक्टरांची कचेरी आहे. तिच्या दप्तरीं सात हजारांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकीं २०२५ सालापर्यंत चर्चनें चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या अवघ्या ७२! हा आंकडा ऐकून आमचे एक मित्र हंसले. आम्हांस मात्र त्यामुळें दुसराच प्रश्न पडला. दीडशेंहून अधिक वर्षांत ७२, हें ठाऊक असूनही जगभरचे आजारी तेथें का लोटतात?

याचें उत्तर तेथें पहिल्याच सायंकाळीं मिळालें. निळ्या छपराच्या तीन चाकी गाड्यांची रांग चालली होती. गाडीस पुढें दांडा असतो. तो धरून एक जण ओढतो. गाडींत कोणी अर्धांगानें लुळा पडलेला, कोणी जन्मतः अपंग, कोणी नुसताच फार म्हातारा. या गाड्या आल्या कीं धडधाकट माणसें बाजूस सरतात. कोणी हटकावें लागत नाहीं. मिरवणुकींत पुढची जागा त्यांची, गुहेसमोर पहिल्या रांगेंतही तेच. त्या दिवशीं पाऊस आला. गाड्यांचीं छपरें वर ओढलीं गेलीं आणि ओढणारे भिजत राहिले. हे ओढणारे पगारी नोकर नव्हेत. ते स्वतःच्या खर्चानें येतात, आणि त्यांत शाळेंतलीं मुलेंमुलीही पुष्कळ. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी एका वृद्धास चमच्यानें सूप भरवीत होती. "हे तुझे आजोबा काय?" असें आम्हीं विचारलें. "नाहीं," ती म्हणाली, "काल सकाळीं ओळख झाली."

आमच्या तुकडींत चाळीस माणसें होतीं. आजारी एकही नव्हतें. यावें अशी इच्छा कोणास नव्हती असें मात्र नाहीं. आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंचा डावा अंग लुळा पडला आहे. त्यांच्या मुलांनीं पैसे जमविले होते. पण यात्रेच्या व्यवस्थापकांनीं "खुर्ची बरोबर असली कीं सर्वांचा खोळंबा होतो" असें सांगून नांव घेतलें नाहीं. त्यांचाही सर्वस्वीं दोष म्हणतां येणार नाहीं. दहा दिवसांत फातिमा, लूर्द, पॅरिस आणि रोम उरकावयाचें, म्हणजे लूर्दच्या वांट्यास एक रात्र आली. त्या एका रात्रींतलाही बराच वेळ मारियामातेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेण्यांत गेला. बाटल्या घ्याव्या, घरीं वाट पाहणारीं माणसें असतात. परंतु ज्या वेगानें आम्ही धांवलों, त्या वेगानें आजारी मनुष्य जाऊं शकत नाहीं, हें उघड आहे. तेव्हां त्या बाईंस घरीं ठेवलें तें त्यांच्या आजारानें नव्हे, आमच्या पॅरिसनें.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, आपल्याकडून लूर्दला जाणाऱ्या प्रत्येक तुकडीनें दोन-तीन तरी आजारी माणसें बरोबर न्यावीं, आणि त्यांच्यासाठीं बाकीचीं शहरें गाळावीं. पंढरीच्या वाटेवर ऐंशी वर्षांची म्हातारी तरुणांबरोबर चालतांना आपण पाहतों. दिंडीची चालच तिला झेपेल अशी असते. यावर कोणी म्हणतील कीं खर्च फार, विमानांतले तास फार, वाटेंत कांहीं बरेंवाईट झालें तर? या शंका खोट्या नाहींत. ज्यास डॉक्टर मनाई करील त्यास नेऊं नयेच. पण विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, लूर्दला आजाऱ्यांसाठीं खास निवासगृहें व शुश्रूषेची सोय आहे, आणि पॅरिस व रोम येथील खर्च वांचला तर एका सोबत्याचें भाडें त्यांतून निघूं शकेल.

"बरी होणार नसेल तर नेऊन काय उपयोग?" हा प्रश्न मात्र आम्हांस मान्य नाहीं. खुद्द बर्नादेत कोठें बरी झाली? १८६६ सालीं ती नव्हेर येथील मठांत गेली, ती लूर्दला पुन्हा आलीच नाहीं. तेथें ती आजाऱ्यांची शुश्रूषा करी. पुढें स्वतः क्षयानें खिळली आणि १८७९ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं वारली. १९३३ सालीं चर्चनें तिला संत म्हणून घोषित केलें.

फ्रान्सला जाणें थोड्यांच्याच दैवीं असतें, हें आम्ही जाणतों. परंतु सप्टेंबरांत बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते, तीस आपल्यांतले पुष्कळ जण जातात, ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतरही. तेथें मेणाचे हात-पाय विकत मिळतात आणि ते मातेस वाहतात. किती घरांतून मेणाचा पाय जातो, आणि ज्याच्या पायासाठीं नवस बोलला तो मनुष्य ओटीवर बसून राहतो! विद्यार्थिमित्रहो, यंदा त्या दिवशीं तुमच्यापैकीं कांहींनीं शेजारच्या आजाऱ्याची खुर्ची धरावी. एका खुर्चीस दोघे पुरेत. पायऱ्यांची चिंता करूं नये. वर देवळापर्यंत गाडीरस्ता जातो.