मान मोडण्याआधी



गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या एका गावी बैठक होती. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पण तलावाचे पाणी जिथे पोचत नाही, तिथला शेतकरी कापूस-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यासारखाच आभाळाकडे पाहत बसलेला असतो. विषय नेहमीचेच होते : भाव, कर्ज, वीज. बैठक उठता उठता मागच्या रांगेतली एक माय पुढे आली. पदराखाली कोंबडी होती. पंख गळलेले, चोच उघडी, चोचीतून लाळ.

"तुमी त शेतीचं शिकले ना भाऊ? मंग हिला का झालं ते सांगा."

ही कोंबडी विकायची नव्हती. तिच्या नातीच्या हातावरचे दाणे टिपून ती मोठी झाली होती, रात्री चुलीजवळ येऊन बसायची. मायने दोन दिवस कांद्याचा रस पाजला होता, हळद-तेल चोळले होते. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. लेगहॉर्न कोंबडी वर्षाला किती अंडी देते, हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले होते. गावरान कोंबडीवर प्रश्न आल्याचे काही आठवत नाही.

आम्ही कोंबडी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, चार जणांना दाखवली. मग सांगितले की ही मानमोडी दिसते आणि मानमोडीवर औषध नाही. नंतर हात धोतराला पुसले आणि त्याच चपलांनी संध्याकाळी पुढच्या गावच्या बैठकीला गेलो.

तिची कोंबडी तिसऱ्या दिवशी मेली. आठवडाभरात तिच्या ११ पैकी ९ गेल्या. आणि पुढच्या गावात? तिथे आम्ही रोग नेला की नाही, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण नेला नाही, असे छातीठोकपणे आम्हीही म्हणू शकत नाही.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, लुळा पाय आणि शेवटी पिळलेली मान. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून, लाळेतून, डालग्यातून आणि माणसाच्या पायातून तो पसरतो. मेडिकलच्या दुकानातली जंतूंवरची गोळी विषाणूला काही करत नाही, पैसे तेवढे जातात. सर्वांत मोठी चूक आपण सगळेच करतो. एक कोंबडी मलूल झाली की उरलेल्या घाईने बाजारात नेतो. त्या कोंबडीबरोबर रोगही दुसऱ्याच्या घरी जातो.

मग करायचे काय? आजारी कोंबडी आधी वेगळी करा. सावलीत ठेवा, गूळ-मिठाचे पाणी जवळ ठेवा. तिचे भांडे इतरांना देऊ नका. चांगल्या कोंबड्यांचे दाणापाणी आधी करा, आजारीचे शेवटी, आणि हातपाय साबणाने धुवा. मेलेली नाल्यात फेकू नका; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. सगळीच दुखणी मानमोडी नसतात. तुऱ्यावर खपल्या आल्या तर देवी, पिलांना रक्ताची हगवण लागली तर वेगळाच रोग, आणि त्याला औषध आहे. औषध लावलेली कापसाची सरकी अंगणात सांडली असेल आणि कोंबड्या तडफडल्या असतील, तर ती विषबाधा. म्हणून विचारल्याशिवाय औषध नको. एकाएकी एकामागून एक मरू लागल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तो आपल्याच राज्यात.

पण मान मोडल्यावरची सेवा ही समजूत घालण्यापुरती. खरी सेवा मान मोडण्याआधीची, म्हणजे लसीची. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, सहा-आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बी. लस जुनी आहे, महागही नाही. पुण्याला औंध येथे सरकारी संस्थेत ती तयार होते. मग त्या मायच्या कोंबडीला ती का मिळाली नाही?

कारण लसीची बाटली १०० मात्रांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला ही अडचणच नाही. ११ कोंबड्यांच्या मायने उरलेल्या ८९ मात्रांचे काय करायचे? २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातल्या निघाल्या. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त कोंबड्या अंगणात आणि बाटली मात्र शेडच्या मापाची!

यात आमचाही दोष आहे. कापसाच्या उत्पादनखर्चाचा हिशोब आम्ही पैशापैशाने मांडला. मुलाची वही, आजारपणाची एसटी, पाहुण्याचा चहा कोणत्या पैशातून येतो, हे कधी विचारले नाही. तो पैसा कर्जात वळता होत नाही, धन्याच्या हाती पडत नाही. तो बाईच्या हातचा असतो. खळ्यावर सांडलेल्या ज्वारीवर कोंबडी जगायची. ज्वारी कमी झाली तसा तो दाणाही गेला, आणि त्याचा हिशोबही कोणी केला नाही.

मोझांबिकमधल्या खेड्यांनी एक वाट काढली. उन्हाला जरा जास्त टिकणारी लस निवडली, गावच्याच माणसांना शिकवले आणि दर चार महिन्यांनी घरोघर जाऊन कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकला. त्यात बायाही होत्या. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागले नाही.

आपल्याला एवढे तरी जमेल. दहा घरे मिळून १०० कोंबड्या सहज होतात. गावाने एक तारीख ठरवावी, उन्हाळा लागण्याच्या आधीची. कोंबड्या पहाटे खुराड्यातून सुटण्याआधी लस टोचावी, फक्त निरोगी कोंबड्यांना. दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात लस आणायला दोन पोरे, नोंद ठेवायला एक लेक. आणि सरकारकडे मागणी एकच : परसातल्या कोंबडीच्या मापाची लहान बाटली द्या.

या बैठकीत प्रत्येक गावाने भावाच्या ठरावाखाली आपली लसीची तारीख लिहून द्यावी. पवनीच्या मायच्या दोन कोंबड्या वाचल्या आहेत. एक खुडूक बसली आहे. पिले निघाली की पहिली तारीख तिच्या अंगणातली. चपला बाहेर काढून, हात धुऊन आम्ही जाणार आहोत.