मौनाचा भ्रष्टाचार

सरकारी कचेरीतील अनाचार म्हटला की टेबलाखालून सरकवलेले पाकीट डोळ्यांसमोर येते. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने सापळा रचावा, एखादा कारकून पकडला जावा, आणि समाजाने सुटकेचा निःश्वास टाकावा, असा परिपाठच पडून गेला आहे. परंतु ज्या अनाचाराने माणसे मरतात, त्यात पुष्कळदा पाकीट नसतेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने हे अनुभवले.

त्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन या एकाच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली होती. विशेष तपास पथक नेमले गेले ते ऑक्टोबरमध्ये, आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली ती नोव्हेंबरमध्ये. दरम्यान, संरक्षक साधने वापरली नाहीत म्हणून फवारणी करणाऱ्यांकडेच बोट दाखवण्यात आले.

कायदा नव्हता असे नाही. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्या धड्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. विक्रीला परवाना, तपासणीला निरीक्षक, आणि विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे बंधनकारक करण्याचा राज्य सरकारला अधिकार, हे सारे त्यात आहे. मग हा कायदा दप्तरातच का राहतो?

‘माणसेच नीतिभ्रष्ट झाली’ हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. आमच्या मते कारणे व्यवस्थेत आहेत. पहिले कारण हे की कर्मचाऱ्याची बदली, बढती व गोपनीय अहवाल वरिष्ठांच्या हाती असतो. खेड्यातील मजुराच्या हाती काहीच नसते. वाईट बातमी वर कळवणारा अडचणीत येतो, ‘सर्व ठीक’ लिहिणारा सुखाने निवृत्त होतो. २००५ च्या बदली कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाल दिला, पण अपवादाची वाटही ठेवली. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. पुढे अनेक वर्षे तो अंमलात आणलाच गेला नाही.

दुसरे कारण जबाबदारीच्या विभागणीचे. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळा, राज्य शासनाचा वेगळा, आरोग्य खाते तिसरे. तीन कचेऱ्यांमध्ये विभागलेला दोष अखेर कोणाचाच राहत नाही. शिवाय पदे रिक्त ठेवायची, तपासणीचे उद्दिष्ट मात्र पूर्ण मागायचे, म्हणजे खोटा अहवाल लिहायला शिकवणेच होय.

तिसरे कारण वर्गीय आहे. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा बहुधा भूमिहीन रोजंदार. त्याचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही. विक्रेत्याचा व कंपनीचा पोचतो. निरीक्षकाची ऊठबस ज्यांच्यात, त्यांच्याच डोळ्यांनी तो पाहू लागतो.

याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कारभार लोकांच्या दाराशी यावा, हा त्यामागील हेतू. कचेरी दाराशी आली; तिचे तोंड मात्र मुंबईकडेच राहिले.

म्हणून केवळ कनिष्ठांच्या निलंबनाने काही साधणार नाही. विषबाधेची नोंद तत्काळ व सक्तीने व्हावी, आणि ती दडवणाऱ्या वरिष्ठावर कारवाई व्हावी. खरे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी त्याच्या संघटनेने वेतनवाढीच्या लढ्याइतक्याच निर्धाराने उभे राहावे. आणि कार्यकर्त्यांनी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत विचारावे: तालुक्यात कीटकनाशकाची दुकाने किती, त्यांची तपासणी कोणी व केव्हा केली, विषबाधेवर उतारा कोणत्या दवाखान्यात आहे? माहितीच्या अधिकाराने २००५ पासून हे विचारण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. प्रश्न विचारणारे गाव समोर असले, तरच कचेरीला गप्प राहणे अवघड होईल.