सिंहासन कोठे खचते?

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे होळी पेटते ती पहाटे. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून आलेला आदिवासी समाज रात्रभर नाचतो, उंच बांबू उभा राहतो, आणि या होळीला लोक अजूनही ‘राजवाडी होळी’ म्हणतात. राजा मात्र उरलेला नाही. काठी, चिखली, सिंगपूर, गव्हाळी आदी मेवासी जहागिऱ्यांचे मालकी हक्क 1961 च्या विनियमाने संपुष्टात आले. राज्यपालांनी काढलेल्या त्या कागदासाठी ना मोर्चा निघाला, ना गोळी झाडली गेली. गोळी झाडली गेली ती 9 सप्टेंबर 1942 रोजी, नंदुरबारच्या भररस्त्यात, इंग्लंडच्या राजाच्या नावाने. आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आपल्या चार सोबत्यांसह धारातीर्थी पडला. त्या दिवशी पोलिसांचे हात कचरले नाहीत. साम्राज्यही ढळले नाही.

राजसत्ता उलथते ती जनतेच्या संतापाने, असे इतिहासाची क्रमिक पुस्तके सांगतात. ते अर्धसत्य आहे. संताप तर पिढ्यान्‌पिढ्या असतोच. सिंहासन खचू लागते ते खजिन्याकडे येणारी वाट अडली म्हणजे, आणि हुकूम पाळणारा माणूस हुकूम पाळीनासा झाला म्हणजे.

हैदराबाद संस्थानाचा मराठवाड्यातील लढा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये जन्मतःच बंदी आली, तिच्या कार्यकर्त्यांनी तुरुंग भरले. निजामाला त्याची फारशी झळ लागली नाही. 1947 नंतर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने जो मार्ग धरला, त्याचे मर्म मात्र अर्थशास्त्रीय होते. शिंदीची झाडे तोडण्यात आली. कारण शिंदीवरील अबकारी हे संस्थानच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. सरहद्दीवरील करोडगिरीची नाकी जाळण्यात आली, शेतकऱ्यांनी लेव्हीचे धान्य नाकारले, जानेवारी 1948 मध्ये उमरीची बँक लुटण्यात आली. यात आततायीपणा पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, रझाकारांची बंदूक ज्या पैशावर चालत होती, त्याच पैशाची ही नाकेबंदी होती. शेवटचा घाव भारतीय सैन्याचा, हे खरेच. 13 सप्टेंबरला सैन्य शिरले आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. पण चारपाच दिवसांत जी इमारत कोसळली, तिचा पाया आधीच पोखरला गेला होता.

आणि गंमत अशी की, तोच निजाम पुढे राजप्रमुख म्हणून 1956 पर्यंत मानाने राहिला. संस्थानिकांचे तनखे तर 1971 मध्ये घटनादुरुस्तीने बंद झाले. आपल्याकडे राजे गेले ते असे हप्त्याहप्त्याने.

शेजारच्या नेपाळात प्रकार निराळा घडला. एप्रिल 2006 मध्ये एकोणीस दिवस लोक रस्त्यावर होते. विद्यार्थी आणि पक्ष-कार्यकर्ते होतेच. परंतु सरकारी कचेऱ्यांतील कर्मचारीही आंदोलनात उतरले, ही गोष्ट निर्णायक म्हटली पाहिजे. राजाचा शिक्का ज्याच्या टेबलावर असतो तो कारकूनच घरी बसला, तर शिक्का हे नुसते लाकूड उरते. राजे ज्ञानेंद्र यांनी संसद परत बोलावली, आणि 28 मे 2008 रोजी संविधान सभेने दोनशे चाळीस वर्षांची राजेशाही मोडीत काढली.

तेव्हा काठीच्या बाबतीत प्रश्न उरतो तो असा. जेथे प्रजेने खजिना अडवला नाही, कचेरी ओस पाडली नाही, तेथे राजा गेल्यावर त्याची जागा कोणी घेतली? 1961 च्या विनियमाने मेवासींची मालकी सरकारजमा झाली. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा भिल्ल वा पावरा वनखात्याच्या दप्तरी मात्र अतिक्रमणदार ठरला. त्याच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली संसदेला 2006 च्या वनहक्क कायद्यात द्यावी लागली. म्हणजे मेवास गेल्यानंतर चार दशके उलटून गेल्यावर. खाली सपाटीवर, शहाद्याच्या बाजूला, भूमिहीन आदिवासींना 1970 नंतरच्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्याबरोबर उभे राहावे लागले ते काही राजाविरुद्ध नव्हे. त्यांच्यासमोर जमीनदार होता, सावकार होता, आणि सालदारकीचा हिशेब होता. त्यांनी कामच थांबवले, तेव्हा कोठे मजुरीची बोलणी सुरू झाली.