हात की मशीन?

माझा पुतण्या बोरिवलीला टॅटू काढतो. परवा सहज त्याच्या दुकानात डोकावलो, तर साहेब तोंड पाडून बसलेले. एका मुलाच्या मनगटावर त्याच्या आईचं नाव काढलं होतं. रेघा सुजून जाड झाल्या, वर खपल्या धरल्या. पैसे परत दिले, पण ते मनगट कसं परत देणार? मला म्हणाला, "काका, हातच गेला माझा. बंद करावं म्हणतो हे सगळं."

मी मुलुंडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. हाताला दोष देण्याआधी मशीन बघायचं, ही जुनी खोड. म्हटलं, चालू कर बघू.

रोटरी मशीन म्हणजे शिवणयंत्राचं धाकटं भावंडच. छोटी मोटर, तिच्या दांड्यावर मध्यापासून जरा बाजूला बसवलेलं एक्सेंट्रिक. मोटर गोल फिरते, सुई वर-खाली होते. सॅम्युअल ओरायलीने १८९१ साली अमेरिकेत टॅटूच्या मशीनचं पेटंट घेतलं, ते एडिसनच्या विजेच्या पेनवरून. आणि ते पेन होतं कचेरीत कागदांच्या नकला काढायला!

तर, कानाला खडखड लागली. बंद करून एक्सेंट्रिक बोटाने हलवलं, तर दांड्यावर लुळं. ग्रब स्क्रू ढिला! एक्सेंट्रिक घसरायचं, सुई मधूनच अडखळायची, रेघ तुटक यायची. मग पठ्ठ्याने काय केलं? व्होल्टेज वाढवलं आणि त्याच रेघेवरून तीन-तीनदा सुई फिरवली. कातडी सोलणारच ना!

माझं म्हणणं एवढंच, की व्होल्टेज हे औषध नव्हे. हवेत सगळीच मशीनं छान गुणगुणतात. सुई कातडीत शिरली की खरं कळतं. बेअरिंग अडत असेल तर मोटर तिथेच दमते. तेव्हा आधी कारण शोधा, मग बटण फिरवा. रोज सकाळी स्क्रू तपासायचे, वायर हलवून बघायची. तेल लागणारं बेअरिंग असेल तर एकच थेंब. जास्तीचं तेल ओघळून सुईपर्यंत जातं. सीलबंद बेअरिंगला तेही नको. स्टीलची ग्रिप ऑटोक्लेव्हमध्ये घालायची, मोटर कधीच नाही. आणि सुई प्रत्येकाला नवी, हे काय सांगायला हवं?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा स्क्रूचं किती कौतुक! पण कारखान्यात जॉब बिघडला तर भंगारात टाकता यायचा. इथे जॉब माणसाच्या अंगावर असतो. माझ्या आईच्या हातावर जत्रेतल्या गोंदणारणीने तुळस टोचली होती. तिच्याकडे ना मोटर, ना रेग्युलेटर. आई गेली तेव्हाही ती तुळस ओळखू येत होती.

ॲलन कीने स्क्रू आवळला. पुतण्याने सरावाच्या रबरी कातडीवर रेघ ओढली. सरळ, एकसारखी. त्याचा चेहरा खुलला. मी म्हटलं, हात शाबूत आहे तुझा, पण मशीन तपासणं हेही हाताचंच काम. आता त्या मुलाला बोलाव आणि खरं काय ते सांग.

अजून फोन केलेला नाही त्याने.